नवरी तेवढी तयार होईल

३ एप्रिल
युनियनच्या ऑफिसात आज आम्ही चौघेच होतो. एक मेच्या भाषणासाठी गणपतरावांनी माझं नाव सुचवलं. गणपतराव आमच्याच मिलचे, सूतकताई खात्यातले. म्हणाले, “मार्तंड, तूच बोल गा. तुझा आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत जाते.” मागची रांग म्हणजे आता दुसरी रांग, हे दोघांनाही ठाऊक आहे. विषयही त्यांनीच दिला : ‘बदलत्या अर्थव्यवस्थेत कामगारवर्गाची क्रांतिकारी ताकद’.

घरी येऊन लिहायला बसलो. ‘कामगार बंधूंनो’ एवढं झालं आणि पेन थांबलं. मिल बंद पडल्याला जमाना झाला. माझ्या विणाई खात्याच्या जागी आता गवत आहे. भोंगा नाही, फाटक नाही, पाळी सुटल्यावर रस्ताभर लोटणारी माणसं नाहीत. मग ज्याच्या ताकदीवर बोलायचं तो कामगार आहे कुठे? याचं उत्तर आधी शोधलं पाहिजे.

पण शोधणार कसा? खाली बैठकीच्या खोलीत बायकांचा नुसता गलबला. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी कामिनी ब्यूटिशियन आहे. मोबाईलवर अ‍ॅप असतं, त्यावर लोक बोलावतात आणि ही स्कूटीवर बॅग लादून त्यांच्या घरी जाते. तिच्यासारख्या बऱ्याच पोरी आहेत. दोन कामांच्या मध्ये या उन्हात त्यांना टेकायला जागा नाही, बाथरूमची तर त्याहून अडचण. आमचं घर नागपुरात सदर भागाच्या मागच्या गल्लीत, सगळ्यांना वाटेवरच. तेव्हा माझ्या बायकोने, इंदूने सांगून टाकलं, “इथंच बसत जा वं.” इंदूला माणसांची हौस. मला न विचारता ठरवलं, पण असो.

दोनदा खाली जाऊन आवाज कमी करा म्हणून सांगितलं.

७ एप्रिल
आज कामिनीशी तिच्या कामाबद्दल बोललो. म्हटलं, तुमची युनियन का नाही? ती हसली. “आम्ही कामगार नाही काकाजी, पार्टनर आहोत. कंपनीच म्हणते तसं.”

“मग मालक कोण?”

“फोन,” ती म्हणाली.

मी ‘वर्गजाणिवेचा अभाव’ असं टिपून ठेवलं. भाषणात वापरता येईल. एका छपराखाली काम नाही, एकमेकींशी ओळख व्हायला कारण नाही, तर यांची एकजूट होणार कशी? हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. फार मन लावून ऐकलं पोरींनी. दीक्षा नावाची एक आहे, सकाळपासून मनीषनगर ते कोराडी रोड फिरून आलेली. तिने तर बॅगवर डोकं टेकून डोळेच मिटले होते. विचारात पडली असावी.

११ एप्रिल
वाईट झालं.

दुपारी कामिनी परत आली ती बॅग दारातच टाकून खाली बसली. इंदूने पाणी दिलं, पण पेला हातातच राहिला. मग हळूहळू सांगितलं. नवीन टॉवरमधल्या फ्लॅटचं बुकिंग होतं, बाईच्या नावाने. दार उघडलं पुरुषांनी. आत आणखी तीनचार बसलेले, बाटल्या उघड्या. एक म्हणाला, “मॅडम आ ही रही है, तुम अंदर बैठो.” ही उंबऱ्यावरूनच फिरली. लिफ्टची वाट न बघता एवढी जड बॅग घेऊन जिन्याने उतरली.

खाली येऊन बुकिंग रद्द केलं. या महिन्यात आधी दोन झाली होती, एकदा स्कूटी पंक्चर म्हणून आणि एकदा आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून. हे तिसरं. गेटपर्यंत येईस्तोवर तिची आयडी बंद. म्हणजे उद्यापासून काम नाही. का, कसं, हे विचारायला माणूस नाही. फोनवर लिहून विचारायचं, आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच : ‘आम्ही आपली अडचण समजू शकतो.’

मी फोन घेतला. म्हटलं, हे मी बघतो. ‘मी मार्तंड निनावे, माजी सरचिटणीस’ इथपासून सुरुवात करून संपूर्ण प्रकरण मुद्देसूद लिहिलं. लगेच उत्तर आलं : ‘धन्यवाद मार्तंड! आपल्याला हेअर स्पा हवा आहे का?’

कामिनी रडता रडता हसली. मग पदराआड इंदूही हसली. माझ्या डोक्यावर केस नाहीत हे त्या यंत्राला कोण सांगणार.

१३ एप्रिल
रविवार. युनियनच्या अभ्यासवर्गात मी कामिनीचा विषय मांडला. गणपतराव म्हणाले, कायद्याने त्या कामगारच नाहीत, तर आपण काय करणार? मी म्हटलं, कायदा कोणी केला? तास दीड तास जोरदार चर्चा झाली. निर्णय पुढच्या रविवारी.

घरी आलो तर दारात चपलांचा एवढा ढीग की मला पाय ठेवायला जागा नाही. बैठकीची खोली भरून काही पोरी जिन्यावर बसलेल्या. कामिनीची गोष्ट सगळीकडे पोचली होती आणि जिला तिला तसलं एखादं दार आठवत होतं. पहिल्यांदाच एकमेकींना सांगत होत्या. एकीने तर आत जाऊन काम केलं होतं, केवळ आयडी जाईल या भीतीने. सांगताना तिची मान वर होत नव्हती.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, एक मेला मोर्चा काढू. लाल झेंडे, घोषणा, थेट कंपनीच्या ऑफिसवर!

“ऑफिस कुठे आहे काकाजी?” कामिनीने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. सामान मिळतं ते गोडाऊन आहे, तिथे एक वॉचमन असतो. तो बिचारा यांनाच पाणी मागतो.

दीक्षा म्हणाली, “आणि एक मेले सुट्टी राहते. लोकं कूलर लावून घोरत राहतात. बुकिंग कोण करते त्या दिवशी? आपण बंद राहिलो तरी कोणाले समजन?”

“मग कधी?”

“आखाजीले. अक्षय तृतीयेले, तीस तारखेले. अर्ध्या नागपुरात लग्न आहे त्या दिवशी. आपण सगळ्या फोन बंद करून बसलो तर कंपनीचा जीव जाईन.”

एक मेचं ऐतिहासिक महत्त्व मी सांगायला घेतलं, पण त्या तारखा आणि मुहूर्त मोजायला लागल्या होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून इंदूचा आवाज आला, “नवरीले नका सोडू वं पोरींनो. तिनं काय केलं बिचारीनं?”

मी म्हटलं, संप म्हणजे संप. त्यात सवलती नसतात.

इंदू लाटणं हातात घेऊन दारात आली. “काहून? मिलच्या संपात तुम्ही बॉयलरवाल्याले आत जाऊ देत होते ना?”

“ते वेगळं. बॉयलर बिघडला असता तर मिलच बसली असती.”

“नवरीचा दिवस बिघडला तर तो काय वापस येते?”

 मग कामिनी म्हणाली, “बरोबर बोलल्या काकू. ज्या नवऱ्या हातात आहेत त्या करायच्या. नवरी तेवढी तयार होईन. करवल्या, मावशा, आत्या, सासवा, सगळ्या जशा आहेत तशा!”

असा हशा उठला की शेजारचे डोकावून गेले. लढ्याच्या बैठकीत हसू नये असं माझं मत आहे. मीही हसलो, ती गोष्ट निराळी.

मागण्या ठरल्या. कामिनीची आयडी सुरू करा. धोक्याच्या दारावरून बाई परत फिरली तर ते तिच्या खात्यावर धरू नका. आणि बोलायला जिवंत माणूस द्या.

१७ एप्रिल
भाषण पुढे सरकत नाही. ‘आजचा कामगार विखुरलेला आहे’ हे वाक्य चांगलं जमलं आहे, पण त्यानंतर काय, हे सुचत नाही.

इंदू हल्ली सारखी फोनला चिकटलेली असते. चष्मा नाकावर, एका बोटाने काहीतरी लिहीत बसते. काय करतेस विचारलं तर म्हणाली पापडाच्या रेसिप्या बघून राहिली. पापड मात्र अजून झालेले नाहीत. परवा तर गॅसवर दूध उतू गेलं आणि ही फोनवर कोणाला तरी सांगत होती, “मानेवाड्याच्या दोघी राहिल्या का? मी बोलते त्यांच्याशी.” पापडाला एवढ्या बायका कशाला लागतात कळत नाही. एकटीने करायचं आता तिचं वय नाही, हे खरं.

२१ एप्रिल
आज करिष्मा आली होती. या सगळ्या पोरींमध्ये तिच्या हाताला सगळ्यात जास्त मागणी. सावनेरहून रोज येते. नवरा तिकडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे होता, पाठीवर दगड पडल्यापासून खाटेवर आहे. कंपनीने तिला टीम लीडर करतो म्हणून सांगितलं आहे.

ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “मले नाही जमणार. मी तुमच्या विरोधात नाही. पण मले माफ करा.” आणि चपला घालून निघून गेली. चहाही घेतला नाही.

दीक्षा पेटली. “गद्दार आहे! काढा तिले ग्रुपमधून!” मीही उभा राहून संपफोड्यांचा इतिहास सांगितला, आमच्या वेळी काय केलं होतं तेही सांगितलं. पोरी तापल्या. इंदू मात्र कप गोळा करत होती. करिष्माचा भरलेला कप तिने उचलला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. इंदूला राजकारणात कधीच रस नव्हता.

२३ एप्रिल
इंदू आज सावनेरला गेली, चुलत बहिणीकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, सावनेरच्या चुलत बहिणीचं नाव मी ऐकलं नव्हतं. पण तिच्या माहेरचा गोतावळा मोठा आहे, असेल कोणी. मोठ्या डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी भरून घेतली आणि सकाळच्या एसटीने गेली. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, “तुम्ही भाषण लिहा.”

संध्याकाळी आली तेव्हा चेहरा उन्हाने लाल झालेला. मी कूलरमध्ये पाणी भरून ठेवलं होतं, त्याच्यासमोर बसवलं. कांदा किसून तळपायांना लावला. म्हटलं, कशी आहे बहीण?

“बरी आहे. नवरा खाटेवर आहे बिचारीचा. दिवसभर कोणाशी बोलत नाही. आज बोलला थोडा.”

“एवढ्या उन्हात जायची काय गरज होती?”

“ऊन तर तिलेही लागतेच ना रोज,” इंदू म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

योगायोग बघा, सावनेरात घरोघरी खाटेवर माणसं आहेत. खाणींचा प्रश्नही भाषणात घेतला पाहिजे.

२६ एप्रिल
इथे खरं लिहितो. मला भीती वाटते.

आमचा शेवटचा संप आठवतो. सुरुवातीला अशीच गर्दी होती, असाच हशा होता. मग मिलच बंद झाली. संपाने बंद झाली असं नाही, ती होणारच होती, हे मी हजार वेळा सिद्ध करून दाखवलं आहे. पण माझ्या खात्यातला एक जण नंतर चौकात भज्यांच्या गाडीवर काम करताना दिसायचा आणि मी रस्ता बदलून जायचो.

या पोरींचा तर भरवसा फक्त त्या फोनवर. यंत्राने एका क्षणात सगळ्यांच्या आयड्या बंद केल्या तर?

जेवताना इंदूला विचारलं, “आपण या पोरींले आगीत तर ढकलून नाही राहिलो?”

तिने माझ्या ताटात भात वाढला. “आपण कोण ढकलणारे? त्या आपल्या पायानं चालल्या. आपण पाणी घेऊन बाजूले उभं राहायचं.”

“आणि जळल्या तर?”

“तर पाणी लागनच ना,” ती म्हणाली.

२९ एप्रिल
संध्याकाळी सगळ्या जमल्या असताना एकाच वेळी सगळ्यांचे फोन वाजले. कंपनीचा संदेश होता. उद्या विनाकारण बंद राहणाऱ्यांची आयडी कायमची जाऊ शकते. काम करणाऱ्यांना बक्षीस.

 दीक्षा, जी सगळ्यांत तोंडाळ, ती रडायला लागली. तिच्या घरी धाकटे दोघं शिकणारे, आणि कमावती ही एकटीच. मी बोलायला उभा राहिलो. आयुष्यभर अशाच वेळी बोललो. पण तिच्याकडे पाहिलं. तसाच बसलो.

इंदू म्हणाली, “आधी जेवून घ्या.” तिने गोळाभात केला होता, मोठ्या गंजात. वरून गरम तेलाची फोडणी घालत प्रत्येकीला वाढत गेली. प्रत्येकीपाशी थांबून हळूच विचारत होती, “तुह्या मनात काय आहे? नाही जमत तर नाही म्हण वं. कोणी काही म्हणणार नाही.” दोघी-तिघींनी नाही म्हटलं. इंदूने त्यांनाही तेवढाच भात वाढला.

दीक्षाने भात संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, “मी बंद ठेवून राहिली.”

३० एप्रिल
आजचं सविस्तर लिहिलं पाहिजे.

ज्यांच्याकडे नवऱ्या होत्या त्या पहाटेच निघाल्या. कामिनीची आयडी बंद, म्हणून ती आमच्याकडेच. आयडी नसली तरी गिऱ्हाईक म्हणून अ‍ॅप उघडता येतं. ती एकेक वस्ती टाकून बघत होती. सकाळी सगळीकडे पोरी उपलब्ध. माझा जीव खालीवर. मग जसजशा नवऱ्या आटपल्या तसतशा एकेक पोरगी फोन बंद करून आमच्या दारात येऊ लागली. कोणाच्या हाताला मेंदीचा वास, कोणाच्या ओढणीवर चमकी.

“धरमपेठ, कोणी नाही,” कामिनी वाचत होती. “मनीषनगर, कोणी नाही. सदर, कोणी नाही. महाल, कोणी नाही!”

दर नावाला टाळ्या. संपात मिलचे माग थांबल्यावर जी शांतता पसरायची ती मी ऐकली आहे. आज शहरभर तीच शांतता पसरत होती आणि ती ऐकायला एक मोबाईल पुरत होता. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

इंदू खुर्चीत बसून दोन फोनांवर बोलत होती. “गिट्टीखदानवाल्या झाल्या का? बरं. ती घाबरली असन तर तिले इकडे घेऊन या.” कोणी चहा विचारेना, म्हणून मीच पातेलं चढवलं. साखर कुठे असते ते सापडायला जरा वेळ लागला.

दुपारी कामिनी थबकली. “कोराडी रोडवर एक आहे.”

“करिष्मा!” दीक्षा म्हणाली. “त्याच रस्त्यानं येते ती. सांगितलं होतं मी.”

सगळ्यांचे चेहरे उतरले. कामिनी पुन्हापुन्हा बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “आता कोणी नाही.” आणि थोड्याच वेळात दारात करिष्माच उभी, खांद्यावर बॅग, ओढणी डोक्याला गुंडाळलेली.

“माही नवरी उशिरा आटपली,” ती म्हणाली. “सासूबाई म्हणे आमचंही करून द्या. मी म्हटलं, आज नाही होत.”

दीक्षा उठून तिच्या गळ्यातच पडली. करिष्माने बॅगेतून एक रिकामा डबा काढून इंदूच्या हातात दिला. “काकू, यांनी सांगितलं, वड्या चांगल्या होत्या.” इंदूचे डबे गावभर फिरत असतात, हा कुठून तिच्याकडे गेला कोण जाणे. करिष्माचं मन बदललं याचं मला नवल नाही. त्या दिवशीचं माझं संपफोड्यांवरचं बोलणं तिच्या कानावर गेलं असणार.

चारच्या सुमाराला कंपनीचा माणूस आला. गौरांग नाव, नागपूरचं काम बघतो, पत्ता कोणा पोरीकडून मिळवला म्हणे. पोरगेलासा, घामाने शर्ट भिजलेला, कानात फोन. सकाळपासून लग्नघरांचे फोन घेऊन घेऊन रडवेला झालेला. दारातूनच म्हणाला, “तुमचा लीडर कोण आहे?”

मी ताठ बसलो. घसा साफ केला. सगळ्या पोरी माझ्या दिशेने बघायला लागल्या. म्हणजे, नेमकं सांगायचं तर माझ्या थोडं डावीकडे, जिथे स्वयंपाकघराचं दार आहे.

दारात इंदू होती, हातात पन्ह्याचा पेला. “लीडर कोणी नाही गा. आधी हे पी. उन्हातून आला.”

त्याने उभ्याउभ्याच पेला संपवला. मग कामिनी बोलली. कागद नाही, घोषणा नाही. त्या फ्लॅटचं दार कसं उघडलं ते सांगितलं, जिना कसा उतरली ते सांगितलं. मग ती मान खाली घालून बसणारी पोरगी उठली आणि तिने आपलं सांगितलं, या वेळी मान वर करून. मग आणखी एकीने. गौरांग ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

“हे माझ्यापर्यंत येतच नाही,” तो म्हणाला. “सिस्टीम आपोआप करते. माझ्या हातात काही नाही ताई. मी पण कॉन्ट्रॅक्टवरच आहे.”

“जेवला का?” इंदूने विचारलं.

जेवला नव्हता. पण जेवायला बसायच्या आधी ओसरीवर जाऊन वरच्या साहेबांशी बराच वेळ बोलला. सुरुवातीला इंग्रजीत, हळू. नंतर आवाज चढला आणि हिंदी सुरू झाली : “सर, आप यहाँ आकर बैठिए फिर!” हे वाक्य तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

दिवेलागणीला कामिनीचा फोन वाजला. आयडी सुरू झाली होती. दारावरून परत फिरलेलं काम नागपूरपुरतं दोन महिने मोजणार नाहीत, मग बघू. जिवंत माणसाचं काही ठरलं नाही. गौरांगने आपला स्वतःचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. करिष्माचं टीम लीडर होणं मात्र गेलं. तसा संदेशही तिला आमच्याच घरात आला. तिने तो वाचला, फोन उपडा ठेवला आणि म्हणाली, “चहा आहे का काकाजी? त्या दिवशीचा राहिला होता.”

पूर्ण विजय म्हणता येणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा झगडावं लागेल. पण आमच्या कुठल्या संपात कोणी इतकं मिळवलं होतं, आणि मालकाच्या माणसाला जेवू घालून, ते आठवायचा प्रयत्न करतो आहे. आठवत नाही.

१ मे
झेंडावंदन झालं. आम्ही चौघे आणि दोन नातवंडं. लिहिलेलं भाषण खिशातच राहिलं.

‘कामगार बंधूंनो’ म्हटलं आणि पुढे म्हणालो, “महिनाभर मी शोधत होतो, आजचा कामगार आहे कुठे. तो माझ्या बैठकीच्या खोलीत बसून होता. मी त्याले आवाज कमी करा म्हणून सांगून राहिलो होतो.” मग काल काय झालं ते सांगितलं. नवऱ्यांपासून ते पन्ह्यापर्यंत.

गणपतराव माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मग म्हणाले, “संपलं?”

“संपलं.”

“बरं झालं गा,” ते म्हणाले. “ऊन लई आहे.” मग परत जाताना माझा दंड धरून चालले आणि कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “रविवारी यायचं का तुह्या घरी? बसू मागं. बोलणार नाही.”

४ मे
आज पोरींनी संघटना काढली. चपलांचा ढीग गेटच्या बाहेरपर्यंत. गणपतराव आले, जिन्यावर बसले आणि खरोखरच बोलले नाहीत. गौरांगही आला होता. ड्युटीवर नाही, असाच, म्हणाला. इंदूने त्याला कांदे चिरायला बसवलं.

मी मनात धरून होतो की मला मार्गदर्शक वगैरे करतील. नवीन शर्ट घातला होता. तसं काही निघालं नाही. कामिनी म्हणाली, आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, म्हणजे कोण कोण आहे ते समजन.

“कामिनी. ब्यूटिशियन.”

“करिष्मा. ब्यूटिशियन. सावनेर.”

“दीक्षा. मेंदी, फेशियल, सगळं.”

असं खोलीभर फिरत फिरत इंदूपाशी आलं. ती म्हणाली, “मी काय सांगू? मी तुमच्यात नाही. मी कामगार थोडीच आहे.”

“काकू,” करिष्मा म्हणाली, “तुम्ही पहाटपासून बसल्या कधी ते सांगा.”

इंदू हातातल्या फडक्याची घडी करत राहिली. मग उभी राहिली. सभेत उभं राहून बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. “इंदुमती निनावे,” ती म्हणाली.  “स्वयंपाक. धुणी. भांडी. आणि...” शब्द सापडेना तेव्हा तिने हाताने नुसती खोली दाखवली, सगळ्या पोरींवरून हात फिरवत. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. गणपतराव जिन्यावर उभे राहून वाजवत होते.

मग माझी पाळी. मी उठलो, नेहमीसारखा घसा साफ केला. “मार्तंड निनावे. माजी सरचिटणीस. निवृत्त.”

“निवृत्त काहून?” कामिनी म्हणाली. “मग आखाजीपासून आमचा चहा कोण करून राहिलं?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. या वेळी नीट माझ्याकडेच.

“मार्तंड निनावे,” मी पुन्हा म्हणालो. “चहा.”

इंदू इतकी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. मला वाटतं, डोळेही पुसले तिने. नीट बघता आलं नाही, कारण आतून चहा उतू गेल्याचा वास आला आणि मला धावावं लागलं.